अंगणातल्या बर्फाचे बेचाळीस दिवस

रविवार, ७ जून

ठरलं. मागच्या अंगणात आइस रिंक करायचं. स्केटिंगचं. स्वतःचं.

निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नाही. दुपारपासून कॅनडातल्या तीन माणसांचे व्हिडिओ बघितले. तिघांनाही दाढी आहे आणि तिघेही सांगतात की हे सोपं आहे. लाकडाची चौकट, त्यात पांढरं प्लास्टिक, प्लास्टिकात पाणी. बाकीचं काम थंडी करते. ऑस्ट्रेलियात जून म्हणजे हिवाळा, त्यामुळे थंडीला कॅनबरात तोटा नाही. काल सकाळी उणे तीन होतं. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मनात आलं, हा माल रोज आयता मिळतो आणि आपण तो फेकून देतो.

खरं कारण इथेच लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. अनुष्का अकरा वर्षांची झाली. फेब्रुवारीत हायस्कूल. सायकल तिला लीनाने शिकवली, मी तेव्हा ऑफिसात नव्या सिस्टिमच्या गो-लाइव्हवर होतो. पोहणं स्विम स्कूलने. मराठी वाचायला तिच्या आजीने, तेही पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर. मी तिला काय शिकवलं, तर पासवर्ड कसा निवडावा. स्केटिंग मी शिकवणार. हात धरून. अजून वर्षभर, मग मुलींना बापाचा हात धरायची लाज वाटते असं ऑफिसात सगळेच सांगतात.

डेडलाइन शनिवार, १८ जुलै. त्या दिवशी लीनाची थोरली बहीण दीप्ती, माझे साडू यतिन आणि त्यांचा मुलगा ओजस कॅलगरीहून येतायत. जानेवारीत यतिनने फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला होता. ओजस स्केटिंग करतोय आणि यतिन कडेला कमरेवर हात ठेवून उभा, जसं काही बर्फ यानेच पाडलाय. अठरा तारखेला अनुष्का त्या ओजसबरोबर माझ्या रिंकवर स्केटिंग करेल. मी कडेला उभा असेन. कमरेवर हात ठेवणार नाही. तेवढी सभ्यता आहे.

लीना म्हणाली, शहरात रिंक आहे की, पंचवीस मिनिटांवर. मी म्हटलं, तिथे भाड्याचे बूट, भाड्याचा बर्फ. घरचं ते घरचं. तिने विचारलं, अनुष्काशी एकदा बोललास का? म्हटलं, सरप्राइज आहे. मग ती काही बोलली नाही. पटलेलं दिसतं.

सोमवार, ८ जून. किंग्ज बर्थडेची सुट्टी

बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानातून फळ्या, खुंट्या, स्क्रू आणि प्लास्टिक आणलं. रिंक सहा मीटर बाय चार मीटर. मध्ये कपडे वाळत घालायचं ते गोल फिरणारं छत्रीसारखं झाड होतं, ते उपटून गराजमध्ये ठेवलं. कपडे घरातही वाळतात.

सासूबाई मे महिन्यापासून आमच्याकडे आहेत. दिवसभर खिडकीत बसून माझं काम बघत होत्या. मला अहो-जाहो करतात, त्यामुळे टोमणासुद्धा आदराने मारतात. म्हणाल्या, नंदूराव, अंगण उतरतं आहे हो. मी म्हटलं, आहे थोडं. त्या हसून म्हणाल्या, नाचता येईना, अंगण वाकडं. आता ही म्हण ज्याचं अंगण सरळ असतं त्याच्यासाठी आहे. माझं खरोखरच वाकडं आहे. लेव्हल लावून बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकोणीस सेंटिमीटर. पण पाणी आपली लेव्हल स्वतः शोधतं. शाळेत शिकलोय.

मंगळवार, ९ जून

पाणी भरलं. साडेतीन तास. पाण्याने लेव्हल शोधली. घराकडच्या बाजूला दोन सेंटिमीटर, फेन्सकडे एकवीस.

फेन्सपलीकडचा ग्लेन शिडीवर चढून बघत होता. रिटायर्ड प्लंबर आहे, त्याला पाण्याचा वास येतो. विचारलं, पूल आहे का? सांगितलं, आइस रिंक. तो बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, गुड ऑन यू, मेट. इथले लोक मनापासून कौतुक करतात.

शुक्रवार, १२ जून. सकाळी ६.४०

बर्फ!!!

उणे ४.८. पूर्ण पृष्ठभाग. काचेसारखा. जाडी अंदाजे एक इंच (डोळ्यांनी). खडा टाकून बघितला, टुण्ण आवाज झाला. मी ओरडलो. लीना धावत बाहेर आली, तिला वाटलं पडलो.

अनुष्काला उठवून आणलं. ड्रेसिंग गाऊन घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, कूल. अकराव्या वर्षी यापेक्षा मोठा शब्द नसतो. मग म्हणाली, बाबा, ॲक्चुअली, आय शुड टेल यू. मी म्हटलं, प्रश्न नंतर, आधी फोटो. तिला कडेला उभं करून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'आमच्याकडेही!' एवढंच लिहिलं. जास्त लिहिलं की हलकं वाटतं.

सकाळी १०.१५

ऑफिसातून. त्रेचाळीस हार्ट. यतिनने लिहिलंय, वा साडूभाऊ, आलो की उतरतोच! लीनाने त्याच सुमाराला मला वेगळा फोटो पाठवला. पाणी. त्यात एक फळी तरंगत होती. तात्पुरतं आहे. पहिल्या थराला कुठेही वेळ लागतो.

रविवार, १४ जून

अभ्यासक्रम तयार केला. धडा १: उभं राहणं. धडा २: पडणं. धडा ३: उठणं. धडा ४: सरकणं. धडा ५: थांबणं. प्रत्येक धड्याला वीस मिनिटं थिअरी. मला स्केटिंगचा प्रत्यक्ष अनुभव तसा कमी आहे, पण स्केटिंग म्हणजे शेवटी सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी आणि आपण मेकॅनिकल इंजिनियर. पोहता येत नसलेले कोच ऑलिंपिकला पोहणारे तयार करतात म्हणे. असं कुठेतरी वाचलंय.

स्वयंपाकघरात मोजे घालून सराव केला. लॅमिनेट चांगलं घसरतं. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी विळी आत नेऊन ठेवली. कंबर दुखते आहे. योग्य स्नायू वापरले गेल्याचं लक्षण.

गुरुवार, १८ जून

मी आणि अनुष्का रोज साडेसहाला रिंक बघायला जातो. मी खडा टाकतो, ती ऐकते. कधी टुण्ण, कधी डुबुक. मग दोन मिनिटं आम्ही नुसते उभे असतो, तोंडातून वाफा काढत. काल तिने स्वतःहून विचारलं की तू लहान असताना पुण्यात थंडी असायची का. मी पंधरा मिनिटं सांगत होतो. तिला शाळेला उशीर झाला. लीना रागावली.

इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. रिंक अजून झालेलंही नाही.

शनिवार, २० जून

हवा बिघडली. म्हणजे लोकांच्या भाषेत सुधारली. वायव्येकडून गरम वारा, दुपारी सोळा. सुपरमार्केटात सगळे, व्हॉट अ ब्यूटिफुल डे, म्हणून हसत होते. मीही हसलो. दात दाखवले एवढंच.

रिंकमध्ये बदकांची जोडी आली आहे. जंगली बदकं, तपकिरी डोक्याची. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. अनुष्काने त्यांना नावं ठेवली, केविन आणि पोहे. तासभर त्यांच्याकडे बघत बसली. मी म्हटलं, अनुष्का, हे रिंक आहे, तलाव नाही. ती म्हणाली, ओके बाबा, आणि पोह्याला ब्रेड टाकला.

सोमवार, २२ जून

उपाय सापडला. पेट्रोल पंपावर एस्कीत, म्हणजे पिकनिकच्या थंडपेटीत, टाकायला बर्फाच्या पिशव्या मिळतात. बारा आणल्या आणि उथळ बाजूला ओतल्या. पंपावरच्या मुलाने विचारलं, पार्टी आहे का? म्हटलं, इन्फ्रास्ट्रक्चर.

बावीस मिनिटं बर्फ होता. बदकं त्यावर चढून बसली.

लीना म्हणते, हे रोज करणार का? तिला रिझल्ट लगेच हवा असतो. पी हळद आणि हो गोरी.

बुधवार, २४ जून

प्लास्टिकला भोक आहे. पोह्याचं काम असणार, मला केविनवर संशय नाही. काल संध्याकाळी सगळं पाणी सोडून दिलं, सकाळी प्लास्टिक पुसून कोरडं केलं, पट्टी लावली आणि पट्टी सुकायला ठेवून ऑफिसला गेलो. हवा अजून गरमच आहे. मेंटेनन्सला योग्य वेळ, ऑफिसच्या भाषेत विंडो.

संध्याकाळी घरी येऊन बघतो तर रिंकवर पळीपापड्या.

साबुदाण्याच्या. जिरं घातलेल्या. पांढऱ्या प्लास्टिकवर सरळ ओळींत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीनशे बारा. मोजल्या. आयत्या बिळावर नागोबा हे ऐकलं होतं, आयत्या रिंकवर साबुदाणा प्रथमच बघितला.

सासूबाई खुर्ची टाकून राखणीला बसल्या होत्या, हातात माझी छत्री. म्हणाल्या, नंदूराव, तिकडे पुण्यात आत्ता पावसाने रुमाल वाळत नाही आणि इथे काय हो हे ऊन! कोरडं, खणखणीत! त्यात तुम्ही केवढं स्वच्छ प्लास्टिक घातलंत. लीना सांगत होती काहीतरी बर्फाचं, पण मी ओळखलं, जावयाने माझ्यासाठी केलंय. बोलून दाखवत नाही, एवढंच.

मी म्हटलं, तुमचंच आहे.

लीनाने आत आल्यावर सांगितलं, आई आल्यापासून पहिल्यांदा दिवसभर हसली. मी म्हटलं, परवानगी तात्पुरती आहे. भोकाची पट्टी सुकेपर्यंत.

शनिवार, २७ जून

पट्टी सुकली. कुरडया नाही सुकल्या.

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार बायका येऊन गेल्या. सासूबाई त्यांना माझं रिंक दाखवत होत्या, उजवीकडे पापड्या, डावीकडे कुरडया, फेन्सला लागून सांडगी मिरच्या. एकीने विचारलं, फ्रेम कोणी केली? एकदम सुबक आहे. सासूबाई म्हणाल्या, जावयाने. मी पुढे झालो आणि चौकटीचे स्क्रू गंजत नाहीत ते सांगितलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग घरात येऊन स्वतःचा राग आला.

काकाकुवा यायला लागले आहेत. पांढरे, पिवळ्या तुऱ्याचे, गुंडांसारखे फेन्सवर रांगेने बसतात. सासूबाई त्यांच्याशी मराठीत बोलतात. त्यांना कळतं.

मंगळवार, ३० जून

घरात आता दोन पक्ष. बीओएमचं, म्हणजे इथल्या हवामान खात्याचं, ॲप मी माझ्या फोनवर बघतो, सासूबाईंनी अनुष्काकडून ते आपल्या फोनवर घालून घेतलं. रोज संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघं एकाच वेळी उद्याचं तापमान बघतो. मी म्हणतो, अरे वा, उणे. त्या म्हणतात, अरेरे. दुसऱ्या दिवशी उलट. सासूबाई देवापुढे दिवा लावतात, मी लावत नाही, त्यामुळे त्यांची बाजू भक्कम आहे.

आज त्यांच्याशी वाटाघाटी केल्या. शेवटी शिफ्ट सिस्टिम ठरली. सकाळी नऊ ते चार त्यांचं वाळवण. चारला सगळं आत. पाचला मी उथळ बाजूला पातळसा पाण्याचा थर देणार, सकाळी आठपर्यंत बर्फ माझा. नऊच्या आत पुसून परत द्यायचं. ऑफिसात इतकं स्वच्छ हँडओव्हर कधी होत नाही.

शनिवार, ४ जुलै. शाळेच्या सुट्टीचा पहिला दिवस

ऐतिहासिक दिवस. उणे ६.१. धडा १ झाला.

उथळ बाजूला तळापर्यंत गोठलं होतं. अडीच मीटर बाय चार, कडक. बर्फात मध्येमध्ये जिरं दिसत होतं. दीप्तीमावशीने गेल्या वर्षी कॅलगरीहून पाठवलेले बूट अनुष्काने आणले. मला वाटलं होतं गराजमध्ये धूळ खात असतील. चकचकीत निघाले, पात्यांना धार. लीनाने काढून पुसले असणार, मनातून तिला पटलंय. बुटांच्या नाड्या अनुष्काने एका मिनिटात आवळल्या. माझ्या सेकंडहँड बुटांना वीस मिनिटं लागली आणि शेवटी तिनेच बांधून दिल्या.

गवतावर उभं राहून थिअरी घेतली. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, घर्षण, मानसिक तयारी. ती दोनदा म्हणाली, बाबा, कॅन आय जस्ट. मी म्हटलं, प्रश्न शेवटी.

मग तिला सांगितलं, आता हळूच एक पाय. माझा हात पुढे केला. हात धरायच्या आत ती सुटली. एका दमात पलीकडच्या टोकाला, तिथे पाय आडवे करून थांबली, बर्फाचा भुगा उडाला, वळली आणि उलटी सरकत माझ्यापर्यंत आली. मला रागावावं लागलं. म्हटलं, आधी उभं राहायला शिक, हा उनाडपणा आहे. नवशिक्यांना कधीकधी असं जमून जातं, मग आत्मविश्वास वाढतो आणि हाड मोडतं. तिने मान खाली घातली. हसत होती की काय, दिसलं नाही.

मग मी प्रात्यक्षिकासाठी बर्फावर पाऊल ठेवलं. बर्फ माझ्या वजनाला तयार नव्हता. आधी तो फुटला, मग मी. ग्लेन शिडीवरून म्हणाला, यू राइट, मेट? धडा २ ची थिअरीही त्यात झाली.

आठ वाजून पाच मिनिटांनी सासूबाई फडकं घेऊन हजर.

मंगळवार, ७ जुलै

कंबर. सिक लीव्ह. डॉक्टरने विचारलं कसं झालं, म्हटलं, कोचिंग.

गुरुवार, ९ जुलै

पुन्हा गरम वारा. किमान सात, कमाल अठरा. बीओएमवर पुढचे आठ दिवस नुसते हसरे सूर्य. सासूबाईंनी मूगडाळीचे सांडगे घातले. घरात कोणीतरी खूश आहे हे चांगलंच.

सकाळी साडेसहाला गेलो. अनुष्का आली नाही. सुट्टी आहे, झोपू दे. खडा टाकला. डुबुक. एकट्याने ऐकायला तो आवाज फार मोठा येतो.

रविवार, १२ जुलै

यतिनचा मेसेज. सामान बांधतोय, ओजसचे स्केट्स घेऊ का, की तुमच्याकडे आहेत? दीप्तीने खाली हसणारे चेहरे टाकलेत. मी लिहिलं, जरूर घ्या. मग फोन उलटा करून ठेवला.

ग्रुपवर लिहायला हवं होतं का, की हवेचं जरा बघून सांगतो? एका ओळीचं काम होतं. पण बारा जूनच्या फोटोवर लोक अजूनही हार्ट टाकतायत. काल विश्रामकाकांनी टाकला, ते ऐंशीचे आहेत. त्यांना काय सांगू?

मंगळवार, १४ जुलै

अखेर इंजिनियरिंगला शरण. बर्फ बाहेर होत नसेल तर आत करायचा आणि बाहेर लावायचा, फरशीसारखा. मंडळाच्या स्टीलच्या चार मोठ्या पराती आमच्याकडेच असतात. गराजमधल्या डीप फ्रीझरमधलं सामान बाहेर काढून ठेवलं, परातीत पाणी घालून आत टाकलं. चार तासांत चार लाद्या. अठरा तारखेपर्यंत ऐंशी. गणित बसतंय.

बुधवार, १५ जुलै

परात गोल असते. गोल लाद्या शेजारीशेजारी लावल्या की मध्ये फटी राहतात. हे आधी लक्षात यायला हवं होतं असं लीना म्हणते. सगळ्या गोष्टी आधी लक्षात आल्या असत्या तर माणसाने काही केलंच नसतं.

फ्रीझरमधून बाहेर काढलेलं सामान गराजमध्येच राहिलं. मटार, खवलेलं खोबरं, पाहुण्यांसाठी लीनाने रविवारभर लाटून भरून ठेवलेल्या दोन डझन पुरणपोळ्या. लीना त्यावर एक शब्दही बोलली नाही. नुसतं सगळं काळ्या पिशवीत भरलं. या वेळी पटलंय असं मी लिहिणार नाही.

तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, पोळ्या परत होतील नंदू, पण तू हे नक्की कोणासाठी करतोयस? मी म्हटलं, अनुष्कासाठी. ती म्हणाली, मग तिच्याकडे एकदा बघ तरी.

याचा अर्थ काय घ्यायचा कळत नाही. मी महिनाभर तिच्याकडेच बघतोय. ती रिंकच्या कडेलाच तर असते.

शुक्रवार, १७ जुलै

पाऊस. पूर्ण हिवाळ्यात यायचा राहिला होता, तो दुपारी चारला आला. मी घरून काम करत होतो. सासूबाईंची हाक आली आणि मीटिंग म्यूट करून पळालो. मी, लीना आणि अनुष्का, तिघांनी मिळून सांडगे, मिरच्या, दोन चादरी कुरडया सहा मिनिटांत आत घेतल्या. सासूबाई दारातून हुकूम सोडत होत्या. एकही सांडगा भिजला नाही. गेल्या एक्केचाळीस दिवसांत या अंगणात वेळेवर पार पडलेलं हे पहिलं काम.

उद्याचं किमान नऊ.

शनिवार, १८ जुलै

ते दहाला आले. मी बॅकयार्डाचा पडदा लावून ठेवला होता. यतिनने चहा हातात घेतला आणि आधी पडदाच सरकवला.

चौकटीत पावसाचं पाणी, दोन बदकं, मध्ये एक वितळायला आलेली गोल लादी. मी म्हटलं, हवा जरा. यतिनने काचेला नाक लावलं. मग म्हणाला, साडूभाऊ, हे सगळं तू हाताने केलंस? मला तर गराजचं दार दुरुस्त करता येत नाही. मी विचारलं, मग तुझं रिंक? तो म्हणाला, कसलं माझं? कोपऱ्यावरच्या पार्कात आहे, सिटी बनवते. मी नुसता उभा राहतो, थंडीने हात बधिर होतात म्हणून कमरेला दाबून. एवढं म्हणून तो सांडगे बघायला गेला आणि पुढचा अर्धा तास सासूबाईंकडून त्यांचं प्रमाण लिहून घेत होता.

म्हणजे सहा आठवडे मी ज्याच्याशी शर्यत लावली होती तो शर्यतीत नव्हताच.

दुपारी लीनाने सगळ्यांना गाडीत घातलं आणि शहरातल्या रिंकवर नेलं. मला काउंटरवर विचारलं, कोणती साइझ. नऊ म्हटलं. बूट घालून उभा राहिलो, कठड्याला धरून आत गेलो आणि तेव्हा कळलं की बर्फ, खरा, तळापर्यंतचा, सपाट बर्फ, काय असतो. मी आजवर अशा बर्फावर कधी उभाच राहिलो नव्हतो. हे मला माहीत होतं. लिहिलं मात्र आत्ता.

अनुष्का आणि ओजस गेले सुद्धा. ओजस चांगला आहे. अनुष्का त्याच्याहून चांगली आहे. ती एका पायावर वळते. ती मागे न बघता मागे जाते. तिथल्या कोच बाईंनी तिला नावाने हाक मारली. मी लीनाकडे बघितलं. ती म्हणाली, इयर फाइव्हपासून, दर गुरुवारी, स्कूल स्पोर्ट. परमिशनच्या फॉर्मवर सही तुझी आहे. बरोबर आहे. मी सगळ्या फॉर्मवर सही करतो. वाचत नाही, आपल्याला घाई असते.

मग मला आधाराला एक प्लास्टिकचा पेंग्विन मिळाला. माझ्या गुडघ्याएवढा, डोक्यावर दोन हँडल. छोट्या मुलांसाठी असतो. वाकून त्याला ढकलत मी अर्धं रिंक गेलो. दीप्तीने व्हिडिओ काढला. काढू दे. तेवढ्यात तिथला माणूस आला आणि नम्रपणे म्हणाला, सर, एका चार वर्षांच्या मुलीला तो हवाय. दिला. मग मी रिंकच्या बरोबर मध्यभागी, काहीही न धरता, उभा. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. बसायचं ठरवत होतो.

अनुष्का आली. माझ्यासमोर थांबली, भुगा उडाला. दोन्ही हात पुढे केले. म्हणाली, गुडघे वाकव बाबा. खाली नको बघू, लुक ॲट मी. ती उलटी सरकत गेली आणि मला ओढत नेलं, एक फेरी, मग दुसरी. माझे हात ओले झाले होते, तिने सोडले नाहीत.

तिला विचारलं, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, आय ट्राइड. लॉट्स ऑफ टाइम्स. मग म्हणाली, अँड यू वेअर सो हॅपी, बाबा. एव्हरी मॉर्निंग. रडू आलं होतं, पण रडायलाही बॅलन्स लागतो.

घरी आल्यावर तिने माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. मोठ्यांचा बिगिनर्स क्लास, शनिवारी सकाळी नऊ, आठ आठवडे. सगळा तिनेच भरला होता, सुवाच्य अक्षरात. पूर्वानुभवाचे तीन चौकोन होते, त्यातल्या 'कधीही बर्फावर उभे राहिलेले नाही' यावर टिक. सोबत कोण येणार, तिथे अनुष्का. काही झालं तर कोणाला कळवायचं, तिथेही अनुष्का.

मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. एकही चूक नव्हती. सही केली.